भिवंडीत? आणि फॅमिलीसकट?

हापिसात ज्या दिवशी सांगितलं की मी भिवंडीला शिफ्ट होतोय, त्या दिवशी कॅन्टीनच्या टेबलावर चक्क शांतता पसरली. मग एकाने विचारलं, "प्रोजेक्टपुरतं ना?" दुसरा म्हणाला, "फॅमिली पुण्यातच ठेवत असशील." तिसरा जरा अनुभवी, त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. अमेरिकेला चाललेल्या माणसाला केक कापून निरोप देतात. भिवंडीला चाललेल्याला असा!

तर आधी कारण सांगतो. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. कुठला खोका कुठल्या रॅकवर ठेवायचा, तो काढायला माणसाने कमीत कमी किती पावलं चालावं, ट्रक कुठल्या दाराला लावायचा वगैरे. आणि या धंद्यात भिवंडी म्हणजे पंढरीच. मुंबई-आग्रा महामार्ग दारातून जातो, बंदर हाकेच्या अंतरावर, आणि जकातीच्या काळात मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात, म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर भिवंडीभोवतालच्या ग्रामपंचायतींमध्ये साठवायला सुरुवात केली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं कुठे जातात! ती उलट मोठी आणि चकाचक झाली. तुम्ही रात्री मोबाईलवरून जे मागवता त्यातलं बरंच काही माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ अशा कुठल्यातरी गावच्या छपराखालून निघालेलं असतं. मला त्याच छपराखाली वर्ष-दीड वर्ष बसायचं होतं.

प्रश्न माझा एकट्याचा असता तर सोपा होता. एक खोली, एक डबा, वीकांताला पुणे. पण घरात बायको आहे (ती घरूनच काम करते, सॉफ्टवेअर टेस्टर आहे, हे पुढे महत्त्वाचं ठरतं), तीन वर्षांची मुलगी आहे, आणि सोलापूरहून कायमची आमच्याकडे राहायला आलेली आई आहे. माझ्या बरोबरीचे जे गोदामात काम करतात, ते सगळे ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत राहतात आणि रोज ये-जा करतात. माणकोली-मोठागाव पूल झाल्यापासून डोंबिवली तर खाडीपलीकडेच आहे. मीही आधी तेच ठरवलं होतं. मग दोन आठवडे ठाण्यातल्या एका मित्राकडे राहून कशेळीच्या पुलावरून जाऊन-येऊन बघितलं. कंटेनरच्या मागे बसून गाणी ऐकण्यात जो वेळ जातो तो मुलगी जागी असण्याचाच वेळ असतो, हे लक्षात आलं आणि ठरवलं, राहायचं तर भिवंडीतच.

इथून घर शोधणं सुरू झालं. आणि इथूनच माझं एका शब्दाशी भांडण सुरू झालं. तो शब्द म्हणजे 'चांगला एरिया'.

तुम्ही कुठल्याही शहरात एजंटला विचारून बघा, "फॅमिलीसाठी एरिया चांगला आहे ना?" त्याला यातलं 'फॅमिली' आणि 'चांगला' दोन्ही कळत नाही. म्हणजे त्याला वेगळंच काहीतरी कळतं. मला पहिल्याच एजंटने आडनाव विचारलं, दोन सेकंद विचार केला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काळजीच करू नका सर, इकडे सगळे आपलेच लोक आहेत." मी विचारलं, पाणी किती वेळ येतं? म्हणाला, "येतं की." मुलीला खेळायला जागा? "आहे की." इमारत किती जुनी? "नवीनच आहे." एवढ्या सगळ्यात त्याने छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट एकच, ती म्हणजे आपले लोक. आता हे आपले लोक नक्की कोण, मी सोलापूरचा, बायको नाशिकची, बिल्डिंगमधलं कोणीही आमचं मामा-मावशी नव्हतं!

पुण्यातले लोक हसायला नकोत. पुण्यात हेच "व्हेज आहात ना?" असं विचारतात, एवढाच फरक.

हे मी गोदामातल्या शिफ्ट सुपरवायझरना सांगितलं. भिवंडीचे कोकणी मुसलमान, पन्नाशीचे, त्यांची मराठी ऐकली तर माझ्या मराठीला लाज वाटावी. ते हसले. म्हणाले, "सर, आम्हाला पण हेच सांगतात. फक्त आपले लोक बदलतात." मग सांगितलं की त्यांचा मुलगा दुसऱ्या एका शहरात नोकरीला लागला, फ्लॅट बघितला, आवडला, टोकन द्यायला बसले, तेव्हा नाव विचारलं, आणि मालकाचा विचार अचानक बदलला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्याने जिथे मिळालं तिथे घेतलं, आणि तिथे अर्थातच सगळे 'आपलेच लोक' होते. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि त्यामुळेच मला जास्त कसंतरी झालं. मग म्हणाले, "तुम्ही एरिया चांगला का वाईट ते कोणाला विचारू नका. तुमची पोरगी जिन्यात पडून रडायला लागली, तर किती दारं उघडतात ते बघा."

हे बघायचं कसं, हा प्रश्न होताच. पण तो निकष माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

भिवंडीचं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोक्यात जे येतं ते काही हवेतून आलेलं नाही. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल झाली, ती इतकी मोठी की न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये पुन्हा. आपल्या आई-बाबांच्या पिढीच्या मनात भिवंडी तिथेच थांबली आहे. पण त्यापुढची गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. १९८८ साली सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. एका वस्तीतले दोन्ही समाजांचे साधे लोक आणि त्या भागाचा बीटवरचा पोलीस यांनी नियमित एकत्र बसायचं. दंगल पेटल्यावर भरतात त्या शांतता कमिट्यांसारखं यात नव्हतं. पुढाऱ्यांना बोलावून फोटो काढायचा कार्यक्रम नाही, आणि काही बिनसलेलं नसतानाही बसायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाने तिथले मृत्यू ९०० मोजले. आणि भिवंडी, जी सगळ्यात आधी पेटेल असं सगळ्यांनी धरलं होतं, ती शांत राहिली. खोपड्यांनी नंतर यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असं आहे.

मी काही समाजशास्त्रज्ञ नाही, इंजिनियर आहे. पण मला यातून जे दिसतं ते असं की, वस्तीची सुरक्षितता मोजायची तर तिथे कोणत्या जातीधर्माचे किती लोक राहतात हे मोजून उपयोग नाही. तिथले लोक एकमेकांना किती ओळखतात ते मोजावं. आपण घर शोधताना नेमकी उलटी गोष्ट मोजतो. आणि वर त्याला 'फॅमिलीसाठी चांगलं' म्हणतो.

असो. भाषण झालं, आता घर शोधू.

भिवंडीच्या पत्त्यांची एक गंमत आहे, ती समजली की अर्धं काम होतं. पत्त्यात 'आळी' असेल, म्हणजे ब्राह्मण आळी, कासार आळी, तर ते जुनं गाव. लाकडी वाडे, अरुंद रस्ता, बाजारपेठ पायाखाली, पण गाडी लावायला जागा शून्य. 'पाडा' किंवा 'घर' असेल तर मूळचं गाव शहराने गिळलंय, आत कुठेतरी देऊळ, तलाव आणि एकमेकांना ओळखणारी जुनी घरं सापडतील. 'नगर' म्हणजे नंतरची वसाहत. आणि पत्त्यात 'कंपाउंड' असेल तर शंभर वेळा विचार करा. कंपाउंड म्हणजे भिवंडीच्या भाषेत माग नाहीतर गोदामं. तिथे रात्री दोन वाजता टेम्पो रिव्हर्स घेतो आणि त्याचं ते पॅं-पॅं संगीत तुमच्या उशाशी वाजतं.

मागांचा आवाज मात्र मी वाईटात धरत नाही. या बाबतीत मी पक्षपाती आहे. लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं, अभ्यास करायचो तो मागाच्या खटखटीवरच. बायकोला पहिल्या रात्री झोप लागली नाही, आणि आई सकाळी उठून म्हणाली, "हितं बरं वाटतंय की रे. पुण्यात लई शांत असतंय, झोपच येत नव्हती मला." :)

सायझिंगचं मात्र बघून घ्या. सुताला कांजी लावायचे कारखाने, त्यांना बॉयलर असतो, बॉयलरला धुराडं असतं, आणि त्यात काय जळतंय ते नाकाला कळतं. घर बघायला गेलात तर आधी गच्चीवर जा आणि धुराडी मोजा. आम्हाला एक फ्लॅट जवळजवळ पसंत पडला होता. गच्चीवर गेलो तर शेजारच्या टाकीच्या झाकणावर काळी साय आली होती. बायकोने बोट फिरवून मला दाखवलं आणि न बोलता जिना उतरायला लागली.

आता बायकोची पद्धत. ती म्हणते की एजंट आपल्याला नेहमी 'हॅपी पाथ' दाखवतो. रविवारी सकाळी अकरा वाजता, ऊन पडलंय, माग बंद, ट्रक कमी, पाण्याची टाकी भरलेली. हा डेमो झाला. प्रॉडक्शन म्हणजे जुलैतला सोमवार, सकाळी आठ. तेव्हा तिने अक्षरशः टेस्ट केसेस लिहिल्या. प्रत्येक घर चार वेळा बघायचं: सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी चारला, रात्री साडेनऊनंतर, आणि एकदा पाऊस पडत असताना. दुपारी चारची वेळ का? मी विचारलं तर म्हणाली, "त्या वेळी खाली कोण असतं ते बघायचंय. तू नसतोस, मी मीटिंगमध्ये असते, त्या वेळेला बिल्डिंगमध्ये कोण असतं?"

त्या चार वाजताच्या टेस्टमध्ये आमचं सगळ्यात आवडतं घर नापास झालं.

ते होतं महामार्गाला लागून, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये, चौदाव्या मजल्यावर. जाहिरातीत पत्ता ठाण्याचाच काहीतरी विस्तार असल्यासारखा, 'भिवंडी' हा शब्द भिंग घेऊन शोधला तरी सापडणार नाही. मेट्रो ५ चं चित्र मात्र मोठं. (डिसेंबर २०१८ मध्ये पायाभरणी झालेली ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो. माझा एक नियम आहे, भाडं ठरवताना रस्ता आज जसा आहे तसाच धरायचा.) आत सगळं छान. लिफ्ट, जनरेटर, घसरगुंडी, रबरी फरशी. खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं. पण चारला गेलो तर घसरगुंडीजवळ दोन आया, दोघी मोबाईलवर, आणि एक वॉचमन. गेटबाहेर पडलं की थेट कंटेनर. आईने विचारलं, "भाजी कुठं मिळती?" वॉचमन म्हणाला, "ॲपवर मागवा." माझी आई आयुष्यभर चालत भाजीला गेली आहे, भाजीवालीशी भांडून तिचा दिवस सुरू होतो. तिला चौदाव्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे एसी लावलेल्या कोठडीत ठेवायचं. दोघं नोकरी करणारे, मूल नाही, दोन गाड्या, अशांना ते घर झकास आहे. पण त्यालाच 'फॅमिली होम' का म्हणतात, हे मला अजून कळलेलं नाही. फॅमिलीतल्या ज्या दोन माणसांना गाडी चालवता येत नाही, त्यांच्यासाठी तिथे काहीच नव्हतं.

दुसरी टेस्ट इमारतीच्या वयाची. इथे मात्र मी गंमत करणार नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. १९८४ ची, तीन मजली. लोक झोपेत होते. मेलेल्यांचा आकडा ३८ च्या पुढे गेला, त्यात कितीतरी लहान मुलं. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत भरदुपारी पडली, खाली गोदाम आणि वर राहणारी कुटुंबं. तिथे आठ जण गेले. हे वाचल्यावर खाली गोदाम किंवा माग आणि वर घर, असा एकही फ्लॅट आम्ही बघितला नाही. कितीही स्वस्त असला तरी. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे, ते सर्टिफिकेट मागा. महापालिका धोकादायक इमारतींचे वर्ग पाडते, त्यातला सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची. सोसायटीच्या सेक्रेटरीला सर्टिफिकेट मागितलं की त्याचा चेहरा बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. आणि महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या नव्या इमारती बघत असाल तर लक्षात ठेवा, भिवंडीभोवतालच्या ६० गावांसाठी २००७ पासून नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए आहे. "ग्रामपंचायतीची परवानगी आहे ना साहेब" एवढ्यावर समाधान मानू नका. विकत घ्यायचं असेल तर महारेरावर प्रकल्प शोधा. मी तर म्हणेन, निदान वर्षभर विकत घेऊच नका. पावसाळा एक भाड्याने काढा.

विजेचं एक पटकन. महावितरणने २६ जानेवारी २००७ पासून इथलं वीज वितरण टोरंट पॉवरकडे सोपवलं, अशी फ्रँचायझी देशात तेव्हा पहिलीच. भाडेकरूने एवढंच करायचं, करार करण्याआधी मालकाकडून शेवटचं बिल मागून घ्यायचं. थकबाकी कागदावर दिसते, तोंडावर दिसत नाही.

तर शेवटी आम्ही कामतघरला घर घेतलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत बारा वर्षांची. वऱ्हाळादेवीचा तलाव चालत दहा मिनिटांवर. आईने पहिल्या भेटीतच पसंती देऊन टाकली होती, आणि त्याचं कारण मला अजून हसू आणतं. जवळच पद्मनगर आहे, तिथे पद्मशाली विणकरांची तेलुगू वस्ती. तळमजल्यावरच्या बाई दारात बसून तेलुगूत कोणाशी तरी बोलत होत्या. आईचं माहेर सोलापूरच्या साखर पेठेतलं, शेजार सगळा पद्मशालींचा. आई जिन्याशीच थांबली आणि म्हणाली, "बागुन्नारा?" त्या बाई उडाल्याच. पुढची वीस मिनिटं आम्ही वर फ्लॅट बघत होतो आणि आई खाली चहा पीत होती.

म्हणजे घ्या, 'आपले लोक' शेवटी आम्हीही शोधलेच की! बायकोने मला त्याच संध्याकाळी हे ऐकवलं. एजंटवर एवढं तोंडसुख घेतलंस आणि तुझ्या आईने काय वेगळं केलं? मी म्हटलं, आईचं आणि त्यांचं जात, भाषा, गाव काहीच एक नाही. ती म्हणाली, "पण शेजार एक होता." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. एवढंच सांगतो की त्याच जिन्यात वरच्या मजल्यावर उत्तर प्रदेशचं एक कुटुंब आहे, समोर एक आगरी काका आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी ज्यांच्याकडून आम्ही दूध घेतो ते मोमीन चाचा रोज मुलीला हाक मारतात. एजंटने हे घर दाखवतानाच सांगितलं होतं, "सर, इकडे थोडं मिक्स आहे, चालेल ना?" त्याच्या लेखी तो या घराचा दोष होता.

सगळं गोड आहे असं नाही. पाणी पहाटे येतं, उठून मोटर लावावी लागते. पावसाळ्यात रस्ता म्हणजे तलावाचंच एक्स्टेन्शन. संध्याकाळी धामणकर नाक्यावरून घरी यायला जो वेळ लागतो त्यात पुण्यात मी कात्रजहून शिवाजीनगर गाठलं असतं. बरं, मुलगी आजारी पडली तर रात्रीच्या वेळी कुठे जायचं हे आम्ही आधीच एकदा गाडीने जाऊन वेळ लावून बघून ठेवलंय, कारण नकाशातली मिनिटं आणि भिवंडीतली मिनिटं वेगळी असतात.

पण ती सुपरवायझरची टेस्ट. तिसऱ्याच आठवड्यात झाली, आम्ही न घेता. बायको क्लायंटच्या कॉलवर, आई देवळात, मी गोदामात. दार नीट लागलं नव्हतं आणि आमच्या बाईसाहेब एका पायात चप्पल घालून खाली निघाल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत पोचल्या. तिथून पुढे रिक्षांचा रस्ता. चाचांनी तिला बघितलं, हातातलं दुधाचं माप तसंच ठेवून उचलून आणलं. तळमजल्यावरच्या बाईंनी तिला घेतलं आणि वर आल्या. बायकोने दार उघडलं तेव्हा मागे चार जण उभे होते. आगरी काका सुद्धा. बायको सांगते, कॉल म्यूट करायचं राहून गेलं आणि पुढची पाच मिनिटं त्या क्लायंटने तेलुगू, हिंदी आणि आगरी अशा तीन भाषांमध्ये तिला बसलेला ओरडा ऐकला. "कसली आई आहेस गं, कडी लावता येत नाही?" काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी ठोकून दिली. पैसे घेतले नाहीत, उलट ड्रिल कसं धरायचं यावर मला अर्धा तास ऐकवलं.

अकरा महिन्यांचा करार फेब्रुवारीत संपतोय. हापिसातले विचारतात, पुण्याला परत कधी? बायकोने नवी टेस्ट केसेसची शीट उघडली आहे, पण तिच्यात घरं नाहीत, शाळा आहेत. या शहरात मराठी, उर्दू, तेलुगू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत आणि आईचा आग्रह आहे की पोरीला चालत जाता येईल अशीच बघा. उद्या सकाळी सव्वासातला आम्ही दोघं त्यातल्या पहिल्या शाळेच्या गेटसमोर नुसतं उभं राहायला जाणार आहोत.